पाइपातली वाट

रोज पोथीचा एक अध्याय वाचायचा आणि कोणाचं वाईट बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. म्हणून आमचे सेक्रेटरी दिपेशभाई यांच्याबद्दल घडलं तेवढंच लिहिते.

वरसाव्याला डोंगर कापून आमची सोसायटी उभी राहिली. जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' होतं. निसर्ग खरंच कुशीत यायला लागला, तेव्हा सगळ्यांची गाळण उडाली.

२००८च्या उन्हाळ्यात संचिता नावाची मुलगी आमच्या गच्चीवर अँटेना फिरवायची. वनखात्याने एका बिबट्याच्या मादीला रेडिओचा पट्टा घातला होता. ती कुठून कुठे जाते, याचा संचिता अभ्यास करायची. भाबडी पोर. मीटिंगमध्ये सगळं सांगून बसली : घोडबंदर रस्त्याखालच्या कोरड्या पाइपातून मादी रोज संध्याकाळी पलीकडे जाते, तिची पिल्लं तिकडे आहेत.

"पट्टा घातलाय म्हणजे पाळलेलीच ना?" दिपेशभाई म्हणाले. "मग मोकळी कशाला सोडता, मॅडम?"

"पाळलेली नाही हो. फक्त कुठेय ते कळतं."

"मग रिमोटने उलटी फिरवा!"

शिकलीसवरलेली माणसं यावर गंभीरपणे माना डोलावत होती. ठराव झाला : पाइपाला लोखंडी जाळी.

"अहो, मग ती पिल्लांकडे जाणार कशी?" संचिता उठून उभी राहिली.

मी हळूच म्हटलं, "आई आहे ती. वाट अडवलीत तर तुमच्या दारातून जाईल, भाऊ."

"काकी, तुम्ही आपली पोथी वाचा."

जाळी बसवली, वर नारळही फोडला. एका आईची वाट अडवायला यांना देवाचा आशीर्वाद हवा!

दुसऱ्याच संध्याकाळी संचिता गच्चीवरून ओरडत आली, "आत या सगळे! ती कंपाउंडमध्ये आहे!"

पोरं घरात ओढली, दारं लागली. मादी भिंतीवरून उतरून पार्किंगमध्ये घुटमळत होती. नेमके दिपेशभाई नव्या गाडीत अडकलेले. संचिताचा मोबाइल वाजला.

"मॅडम, तिला सांगा ना जायला!"

"गेटमधून गेली तर ट्रकखाली येईल. जाळी काढा."

"काढा! आत्ता काढा! ठराव मागून करू!"

चौघांनी मागच्या बाजूने जाऊन जाळी उखडली. थोड्या वेळाने मादी भिंतीपलीकडे उतरली. अँटेनावर ऐकू येणारी तिच्या पट्ट्याची टिकटिक क्षीण होत रस्त्याच्या पल्याड पोचली, तशी संचिता रडत हसली आणि फोनवर म्हणाली, "गेली. पिल्लांकडे गेली. या बाहेर."

दिपेशभाईंनी काचसुद्धा खाली केली नाही. "असं नको, मॅडम," ते आतून म्हणाले, "लेखी द्या."