पंखवाली नको

आमच्या शहरातल्या पुतळ्यांना आमच्याच घरातले अवयव आहेत. वाचनालयासमोर जे डॉक्टर उभे आहेत, त्यांची पावलं माझ्या नवऱ्याची. शाळेपुढे पुस्तक वाचत बसलेल्या मुलीचे कान माझ्या नणंदेचे. त्या कानांनी तिने जन्मात कोणाचं ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पुलाजवळचा सैनिक छाती काढून उभा आहे ना, ती छाती माझ्या धाकट्या दिराची. हा माणूस कुत्रं भुंकलं की रस्ता बदलतो. पण पुतळ्यात भित्रेपणा दिसत नाही, खांद्यांची ठेवण तेवढी दिसते, आणि ती आमच्या घराण्यात चांगली आहे.

कारण साधं आहे. फुकटात तासन्‌तास उभं राहायला घरच्यांशिवाय कोण मिळणार? माझा नवरा शिल्पकार होता. पाहुणा आला तरी आधी त्याचा हात उलटासुलटा करून बघायचा आणि मग बस म्हणायचा. तो गेला आणि मागे शेड राहिली. मुलाच्या हातात ती कला उतरली नाही. साचे मात्र असे काढतो, की पापणीचा केस हरवत नाही. कला उतरली ती सुनेच्या हातात. शिंप्याच्या घरातली मुलगी. माझा नवरा असताना त्याला पाणी द्यायला शेडमध्ये जायची. एकदा त्याला जमत नसलेलं नाक तिने जाता जाता अंगठ्याने सरळ केलं. त्याने पाहिलं, मला हाक मारली आणि म्हणाला, "उद्यापासून ही स्वयंपाकघरात दिसता कामा नये." तेव्हापासून स्वयंपाक माझ्या गळ्यात आहे. तक्रार नाही. पोळी मला जमते, नाक जमत नाही.

सुनेत खोट एकच. तिला नाही म्हणता येत नाही. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तरी हो, शेजारणीने भरदुपारी मूल सांभाळायला आणून टाकलं तरी हो. तिच्या वतीने नाही म्हणायचं काम ती आल्या दिवसापासून मी करते आहे, आणि ते मी चांगलं करते. शहरात मला सगळे मामी म्हणतात, पण जरा लांबूनच म्हणतात.

तर नगरपालिकेने ठरवलं, की नाट्यगृहासमोर एक पुतळा उभा करायचा, शहरातल्या कलाकारांच्या सन्मानासाठी. आता कोणा एकाचा करायचा तर बाकीचे त्याला माळ घालतील की दगड, सांगता येत नव्हतं. म्हणून ठरलं, सगळ्यांची मिळून एकच बाई. अध्यक्षांनी बैठकीत एका कंपनीचं चकचकीत पुस्तक फिरवलं. त्यात तयार पुतळे होते. पंख असलेली, हातात तंतुवाद्य घेतलेली, डोळे आभाळाकडे लावलेली एक बाई त्यांना पसंत होती.

मी उठून विचारलं, "अध्यक्ष, पंख असलेली बाई तुम्ही आपल्या शहरात कुठे पाहिलीत?"

"मामी, ते प्रतीक असतं."

"असेल. मग त्या प्रतीकाला म्हणावं, उडत जा परत. घरात शिल्पकार असताना बाहेरून बाई का आणायची?"

बराच गोंधळ झाला. शेवटी असं ठरलं, की सुनेने मातीत पूर्ण मापाचा पुतळा करून दाखवायचा. शनिवारी समिती येऊन बघेल. पटला तर धातूच्या ओतकामाला जाईल. नाही पटला तर पंखवाली.

मी शेडवर पहारा देऊन बसायला हवं होतं. पण त्याच सुमाराला माझ्या मुलीचा पाय मोडला आणि मला तिच्याकडे जावं लागलं. मंगळवारी सकाळी परत आले, पिशवी खाली ठेवायच्या आधी शेडमध्ये गेले, आणि पिशवी हातातच राहिली.

मातीची बाई उभी होती. एका हातात तुतारी. दुसऱ्या हातात मुखवटा. काखेत मडकं, कमरेला पुस्तक, कानामागे ब्रश.

"हे काय आहे?" मी विचारलं. "कलाकार आहे, की घर बदलणारी बाई?"

सून खाली बघत म्हणाली, "आई, मास्तर म्हणाले वाद्य हवंच. मग एंट्री म्हणाले, नाटक कसं विसरलात. मग कुंभारीणकाकू..."

"आणि तू?"

"मी हो म्हणाले."

ही माणसं कोण ते सांगते. मास्तर म्हणजे आमचा बँडमास्तर. चौकात टवाळक्या करणाऱ्या पोरांची मानगूट धरतो आणि हातात तुतारी देतो. निम्म्या शहराला त्याने फुंकायला शिकवलंय, उरलेल्या निम्म्याला सहन करायला. एंट्री म्हणजे नट. खरं नाव कोणी घेत नाही. हा माणूस दुधाच्या रांगेत उभं राहायचं असलं तरी रंगमंचावर आल्यासारखा येतो. पण पाणी तुंबलेलं असो की दिवाबत्ती बंद असो, महिन्याभरात त्यावर नाटक बसवतो आणि पहिल्या रांगेत नगरपालिकेलाच बसवतो. आणि कुंभारीण माझ्या वयाची. शहरातल्या दारादारावर घराच्या आकड्याची जी टाईल आहे ना, निळ्या वेलीची, ती हिने भाजलेली. पोस्टमन हिला सलाम करतो. तिघंही सोन्यासारखी माणसं आहेत. पण सोनंसुद्धा सगळं एकाच वेळी अंगावर घालू नये.

मुलगा कोपऱ्यात प्लास्टर चाळत होता. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "आतला सांगाडा एवढं वजन घ्यायचा नाही."

"तू सांगतोस ते तुझं तुलाच ऐकू येतं. मोठ्याने सांगायला काय—"

माझं वाक्य पूर्ण झालं नाही. आधी आतून लोखंड कण्हलं. मग तुतारीचा हात खांद्यापासून सावकाश खाली वाकला, आणि हात, मुखवटा, मडकं, डोकं, सगळं एकदम जमिनीवर आलं. केवढा आवाज! मातीचा आवाज मऊ असतो, म्हणून जास्त वाईट. कमरेपासून खालचा भाग तेवढा उभा राहिला.

सून पायरीवर बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "आई, येऊ दे पंखवाली. मला नाही जमणार."

"वा! वांग्याला नाही म्हणता येत नाही, आणि स्वतःच्या कामाला मात्र 'नाही' म्हणता आलं." मी पिशवी खाली ठेवली. "पाय उभे आहेत ना? मग बाई उभी आहे. ऊठ."

मुलाला म्हटलं, सांगाड्याला जाड सळई लाव. आणि तिघांना निरोप धाडला: तुमचं सामान इथे पडलंय, उचलायला या.

आले. एंट्री दारात थांबला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हाय रे दैवा! हे मी काय पाहतो आहे!"

"माती पाहतोस. चपला काढ आणि तुडव."

"मामी, मी नट आहे."

"मग तुडवण्याचा अभिनय कर. फक्त माती खरोखर मऊ झाली पाहिजे."

कुंभारणीने बाह्या वर केल्या आणि ढिगारा चाचपला. "खडे राहू देऊ नका," ती मास्तराला म्हणाली. "आणि फुंकू नका, मळा." तो आधी रुसला होता. तुतारीच का पडली म्हणे, मुखवटा आधी पडायला हवा होता. पण तासाभरात कोपरापर्यंत बरबटला आणि पायांनी ठेका धरायला लागला. मग एंट्रीही त्या ठेक्यात तुडवू लागला. बँडमधली पोरंपोरी पाणी आणायला आली. संध्याकाळी मुलाने नवा सांगाडा उभा केला आणि त्याला स्वतः लोंबकळून दाखवलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याला कशाला तरी लोंबकळताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा समोर."

"हात हवेत?"

"तोंड हवंय."

माझं तोंड आजवर कोणत्याच पुतळ्यात नाही. नवऱ्याने लग्नानंतर एकदा प्रयत्न केला होता. नाक, कपाळ झालं, पण ओठांपाशी थांबला. म्हणाला, हे स्थिर राहतच नाही, हे तोंड नाही, गिरणी आहे. तेव्हापासून कोणी वाटेला गेलं नाही. मला त्याचं दुःख नव्हतं. घरात कोणीतरी बोलायला हवंच.

"माझ्या चेहऱ्यात काय आहे एवढं?"

"काल सगळं पडलं, आणि तुम्ही बोलायला सुरुवात करायच्या आधी एक क्षण गप्प होता. तसं बसा."

सांगायला काय जातं! ओठ मिटून बसायचं, आणि आत बोलणं तयार ठेवायचं. मी बसले. पाच मिनिटांत मास्तर चुकीच्या बादलीत हात घालताना दिसला.

"अहो, ते प्लास्टर—"

"आई, तोंड!"

मी मिटलं. मग पोरांपैकी एकाने ओला फडका उन्हात टाकला.

"अरे, तो मातीवर घालायचा—"

"आई!"

अशी ती माझ्यावर आयुष्यात कधी खेकसली नव्हती. एंट्री माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामी, पहिली तालीम सगळ्यांनाच जड जाते." मी त्याला उत्तर दिलं नाही. ते उत्तर अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

गुरुवार, शुक्रवार तसेच गेले. खांदे आले, हात आले. हात दोन्ही बाजूंना मोकळे, बोटं जराशी उघडी. हातात काहीच नाही. तिघं आळीपाळीने येऊन बघून जायचे. मास्तर तोंड उघडायचा, तिच्याकडे बघायचा, आणि पाणी आणायला जायचा.

शनिवारी सकाळी ओठच राहिले होते. सून म्हणाली, वरचा जमतोय, आता हलू नका, काहीही झालं तरी. नेमकी तेव्हा समिती आली. सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष, हातात ते चकचकीत पुस्तक.

त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. "हातात काही नाही?"

सून माझ्या ओठांकडे बघत होती. तिचा अंगठा मातीच्या ओठावर होता. म्हणाली, "नाही."

"मग कलाकार आहे हे कळणार कसं? ही तर कोणीही बाई वाटते."

माझ्या जिभेवर एवढं काही आलं, की दात दुखायला लागले. सून नुसती डोळ्यांनी म्हणाली, हलू नका. मी मूग गिळले. अख्खं पोतं गिळलं म्हणा.

"मामी आज गप्प?" अध्यक्ष हसले. "चला, बरं झालं. सूनबाई, तुम्ही समजूतदार आहात. हातात एखादं वाद्य द्या, निदान एक ब्रश द्या. लगेच मंजूर करतो. हो म्हणा."

मास्तर, कुंभारीण, एंट्री भिंतीशी उभे होते. अध्यक्ष त्या तिघांना आधी हवं होतं तेच मागत होते. आणि माझ्या सुनेला मी ओळखते. तिचा हो घशाशी आलेला मला दिसत होता. मी नाही म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांचं माझं काम ते. आणि मला ओठ उघडता येत नव्हते.

"नाही," सून म्हणाली.

आवाज बारीक होता. अध्यक्षांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"नाही देणार. वाद्य दिलं तर ती मास्तरांची होईल. मुखवटा दिला तर एंट्रींची. मी सगळं दिलं होतं, तेव्हा ती पडली." ती अंगठा न काढता बोलत होती. "मास्तर फुंकण्याआधी असेच दिसतात. काकू भट्टी उघडण्याआधी अशाच दिसतात. मला तेवढंच करायचं होतं."

"मग मला पंखवालीचा विचार करावा लागेल."

"करा. मागवा तिला. ही मी पूर्ण करणार. नाट्यगृहासमोर नाही, तर आमच्या दारात उभी करीन. नाट्यगृहाला जायचा रस्ता आमच्या दारावरूनच आहे."

एंट्री पुढे आला. कधी नव्हे तो साधा चालत आला. म्हणाला, "अध्यक्ष, मुखवटा मीच मागितला होता. आता मला नको." मास्तराने नुसती मान हलवली. कुंभारीण म्हणाली, "आणि पंखवाली आणलीत, तर तिच्या चौथऱ्याची टाईल माझ्या भट्टीतून येणार नाही."

अध्यक्ष पुतळ्यासमोर जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे वळले, परत पुतळ्याकडे. पुस्तक काखेत सरकवलं.

"ही बोलेल असं वाटतंय," ते जरा कुरकुरतच म्हणाले. "रोज तिच्यासमोरून कार्यालयात जायचं म्हणजे..." आणि मग माझ्या मुलाला म्हणाले, "पायाचं माप द्या. चौथरा केवढा घालायचा ते कळायला नको?"

मुलाने माप दिलं. मोठ्याने दिलं. बँडमधल्या पोरांनी बाहेर एकच गलका केला, मास्तर त्यांना ओरडायला गेला आणि स्वतःच त्यांच्यात मिसळला. अध्यक्ष दारातून म्हणाले, "मामी, तुमचं काय म्हणणं?"

म्हणणं पुष्कळ होतं. पंखांबद्दल होतं, पुस्तकाबद्दल होतं, 'कोणीही बाई'बद्दल तर फारच होतं.

"आई, अजून थोडं," सून म्हणाली. "खालचा ओठ राहिलाय."

मी बसून राहिले.