पाळण्यापर्यंत झाकलेले नाव

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सव्वा महिन्याच्या बाळाला पाळण्यात घालायचे होते. अकरा वाजून गेले होते, आणि बाळाचे नाव साऱ्या जगात ज्या एका व्यक्तीला ठाऊक होते, त्या कस्तुराबाईंना ते उच्चारता येत नव्हते.

अनसिंग गावाजवळच्या या घराची रीतच तशी होती. नाव घरातल्या सर्वांत वडील बाईने योजायचे आणि पाळण्याची दोरी हाती येईपर्यंत कोणापाशी, अगदी नवऱ्यापाशीसुद्धा, फोडायचे नाही. बाळाच्या आधी ते दुसऱ्या कानात गेले तर शिळे होते, असे कस्तुराबाईंच्या सासूने बजावले होते. अकरा नावे त्यांनी अशी राखली. बारावे पणतीचे. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी तिचे तोंड पाहून त्यांनी ते मनात बांधून ठेवले, आणि पंधराव्या दिवशी तुरीच्या शेंगा निवडताना उजवा हात आणि वाचा एकाच क्षणी गेली. दवाखान्यातून परतल्यावर हात निम्मा आला. वाचेतून परतला एकच शब्द.

"जगदेव."

नवऱ्याचे नाव! एकसष्ट वर्षांच्या संसारात त्यांनी ते उखाण्याखेरीज कधी ओठांवर आणले नव्हते. आता पाणी हवे तरी जगदेव, पंखा बंद करायचा तरी जगदेव, म्हशीने दावे तोडले तरी जगदेव.

"वयनी," मालेगावहून आलेली नणंद रंगूबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "साठ वर्सं दादाचं नाव घ्याले लाजत होतीस. सारा साठा आताच काढून राह्यली काय वं?"

बाया खदखदल्या. कस्तुराबाईंनी नुसती मान वळवून पाहिले, आणि हसणे जागच्या जागी थांबले. नजरेला अर्धांग झाले नव्हते.

लहानपणी वडिलांनी त्यांना सांगितले होते की शब्द चार पायऱ्या चढून येतो. बेंबीपाशी तो नुसता हलतो, हृदयापाशी दिसतो, कंठापाशी पुरता घडतो आणि शेवटी ओठांवर येऊन वाजतो. आणि जग तरी काय, पोरी? तेही असेच कोणाच्या तरी उच्चारातून उभे राहिले. पोरीने मान डोलावली होती आणि चौथ्या पायरीचे नाव तेवढे लक्षात ठेवून बाकी विसरून गेली होती. दवाखान्यात मात्र त्यांना ते प्रत्यक्ष दिसले. पहिल्या रात्री डोक्यावर काहीतरी फिरत होते, अंगाखाली काहीतरी टणक होते, उशाशी कोणीतरी रडत होते. कशालाच कड नव्हती, सारे एकमेकांत सांडलेले. मग पहाटे आतून 'खाट' आला आणि अंगाखाली खाट झाली. 'पंखा' आला आणि वरचे गरगरणे पंखा होऊन बसले. त्या आजारातही कस्तुराबाईंच्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. बाप खरे बोलला होता! शब्दांमागून जग येत होते, आणि येताना ते त्यांना कोणी दिलेले नव्हते; त्या स्वतः ते उभे करत होत्या.

तीन पायऱ्या शब्द चढत. चौथीचे दार लागलेले.

"आजी, हे पाह्य," नातू हरीओम मोबाईल घेऊन पुढ्यात बसला. तो बाळाचा बाप. "मी एकेक नाव वाचतो, तू मान हालव. मायरा?"

कस्तुराबाईंनी मान हलवली. नाही.

"कियारा? अनायशा? बरं, रिवांशी?"

हे नाव आहे की कपड्याचा साबण, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट उमटला की बाळंतीण योगिनी बाळाला थोपटता थोपटता हसली.

"जगदेव," कस्तुराबाई नेटाने म्हणाल्या. त्या शब्दाच्या मागे काहीतरी ओढ देत होते. विहिरीत सोडलेल्या दोराला खाली भरलेली बादली लागावी तसे जड, ओळखीचे. त्यांनी पुन्हा जोर केला. "जगदेव…"

"आलो, आलो!" ओसरीवरून म्हातारे जगदेवराव काठी टेकत धावत आले. "काय पायजे वं तुले? पानी देऊ?"

दोर हातून सुटला.

त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा योगिनीने हळूच त्यांचा हात दाबला. "आजी, सोयरे बसले आहेत. असं सारखं आबाचं नाव नका घेऊ ना."

आणि तेव्हा कस्तुराबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेले तीन आठवडे हेच चालले होते! त्यांनी तो शब्द काढला की एक जण धावून येई, दुसरा गप्प करी, तिसरी हसे. पुढे कोणी जाऊच देत नव्हते. आणि पुढे तर सगळे होते. नवऱ्याचे नाव त्यांच्या ओठांनी आयुष्यात एकटे कधी घेतलेच नव्हते; ते नेहमी उखाण्याच्या चालीत, यमकाला बांधूनच निघाले होते. पणतीचे नाव मनात धरले त्याच रात्री त्यांनी बारशाचा उखाणाही रचला होता. आरंभ होता जगदेवरावांपासून.

बारा वाजून अठरा मिनिटे. घुगऱ्यांची परात आली, बाया पाळण्याभोवती जमल्या.

"आता कियाराच ठेवू," हरीओम हताश होऊन म्हणाला. "रंगू आजी, तूच सांग कानात."

रंगूबाई वाकली.

धाडकन आवाज झाला. कस्तुराबाईंनी डाव्या तळव्याने परातीवर थाप मारली होती. घुगऱ्या उडाल्या, रंगूबाई दोन पावले मागे सरली. कस्तुराबाई उठल्या, पाळण्याची दोरी घट्ट धरली आणि वाकून ओठ बाळाच्या कानाशी नेले. दोरी हलली, पाळणा डुलला, आणि त्या डुलण्यात चाल सापडली.

"जगदेव—"

"आलो, आ…"

मागे न पाहता त्यांनी निम्मा आलेला उजवा हात कसाबसा मागे नेऊन धावत आलेल्या नवऱ्याच्या तोंडावर ठेवला. योगिनीने काही म्हणायला तोंड उघडले होते. ते तिने मिटले. खोलीत फक्त पाळण्याची करकर राहिली. कस्तुराबाई पुटपुटत होत्या, अडत होत्या, झोक्याबरोबर पुन्हा चालत होत्या. बाळाने टक लावून आपल्या पणजीकडे पाहिले. नाव ऐकण्याचा पहिला मान बाळाचाच होता.

मग कस्तुराबाई ताठ झाल्या आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, दोरीच्या हिसक्यागणिक एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या:

"जगदेवरावांच्या वावरात पिकली तूर साजरी,
पणती आली घराले, नाव तिचं… वैखरी!"

मग रंगूबाईनेच पहिली आरोळी ठोकली, "अवो माय, वयनी बोलली!" बाया रडू-हसू लागल्या. हरीओमच्या हातातला मोबाईल घुगऱ्यांत पडला. "वैखरी," योगिनी म्हणून पाहत होती, "वैखरी", आणि दर वेळी पाळण्यातली ती कापडात गुंडाळलेली पोर तिच्या डोळ्यांसमोर अधिकच ठळक होत होती.

जगदेवराव तेवढे गोंधळून उभे होते. "म्हंजे एवढे दिवस," ते दुखावल्या सुरात म्हणाले, "तू मले बोलावतच नव्हती काय वं? मी उगाच धावून राह्यलो होतो?"

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. परातीतल्या ओंजळभर घुगऱ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. या वेळी चाल नव्हती, यमक नव्हते. शब्द एकटाच चौथी, वैखरीची पायरी चढून आला, आणि तो अर्थातच हुकूम होता.

"घ्या," त्या म्हणाल्या.