बिनफितीची कॅसेट

मित्रांनो, मृत्यूनंतरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी, चाळिसावा, होऊन चार दिवस झाले होते. करीमभाई बागवान सकाळी आपल्या जुन्या व्हॅनमध्ये बसले, खिशातून मला काढलं, पुसलं आणि गाडीच्या टेपमध्ये सरकवलं. माझ्यातून नुसती किरकिर आली. त्यांनी मला काढून उलटं घातलं. पुन्हा किरकिर. त्या सकाळी त्यांना कळलं की आपल्या बायकोचा आवाज हरवला आहे.

मी एक जुनी कॅसेट आहे, पण माझ्या पोटात फीत नाही. दोन दातेरी चाकं आहेत, लोखंडाचा एक चिमुकला तुकडा आहे आणि कोपऱ्यातून निघालेली हातभर वायर. वायरीच्या टोकाला पिन असते. ती गाणी वाजवणाऱ्या आणि बोलणंही टिपून ठेवणाऱ्या छोट्या प्लेअरमध्ये घालायची आणि मला टेपमध्ये. मग प्लेअरमधला आवाज माझ्यातून जाऊन गाडीत वाजतो. माझं स्वतःचं त्यात काहीच नसतं. मी कुठल्या कारखान्यात झाले ते मला आठवत नाही. दुकानात मात्र मी फार वर्षं पडून होते. करीमभाईंच्या जावेदने मला तिथून आणलं. त्याने सगळं जोडून दिलं आणि म्हणाला, "अब्बा, ही आत घातली की झालं." एवढंच सांगून तो कामावर गेला.

करीमभाई मार्केट यार्डातून फळांच्या पेट्या उचलतात आणि दुकानादुकानांत पोचवतात. त्यांना वाचता फारसं येत नाही. म्हणून त्यांच्या बायकोने, परवीनभाभींनी, एक रीत पाडली होती. करीमभाई खाली पेट्या भरत असताना त्या स्वयंपाकघरात बसून दिवसाची यादी प्लेअरमध्ये बोलायच्या. आदल्या दिवशीची पुसून टाकायच्या. मग खाली येऊन स्वतःच्या हाताने मला टेपमध्ये घालायच्या आणि बटण दाबायच्या.

"अहो, ऐका. पहिलं कोंढवा, दोन पेट्या डाळिंब. तिथं गप्पा मारत बसू नका, त्या माणसाला काम नाही, तुम्हाला आहे. मग पाणी प्या. बाटली पायाशी ठेवली आहे, तिथं दिसली नाही म्हणू नका."

करीमभाई स्टिअरिंगवर हात ठेवून हसायचे आणि टेपला उत्तरं द्यायचे. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले बघायचे. माझे ते चांगले दिवस होते.

भाभींच्या शेवटच्या दिवशीही यादी लागली होती. कोंढवा झालं. हडपसरला रसवाल्याकडे मोसंबी उतरवून ते गाडीत बसले, तोच जावेदचा फोन आला. भाभी ओट्यापाशीच पडल्या होत्या. करीमभाईंनी टेप बंद केला आणि गाडी वळवली. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढे चाळिसाव्याला भाभींच्या वस्तू गरजूंना वाटल्या. कपडे दिले, चपला दिल्या. माझ्या वायरीला लटकलेला प्लेअर पाहून करीमभाई म्हणाले, "ही बॅटरी मार्केट यार्डातल्या गोदाबाईंना द्या. त्यांच्या फोनला चार्जिंग टिकत नाही." भाभी रोज रात्री तो चार्जिंगला लावायच्या, म्हणून करीमभाईंना ती बॅटरी वाटली. आयुष्यभर त्यांनी आवाज कॅसेटमध्येच पाहिला होता. त्यांनी पिन उपटली आणि मला भाभींच्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवलं. "यात ती आहे. ही कोणाला द्यायची नाही," म्हणाले. मित्रांनो, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता आणि तो माझा नव्हता. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं.

चार दिवसांनी कपाटातून काढून व्हॅनमध्ये लावल्यावर माझी किरकिर ऐकून ते मला टेप दुरुस्त करणाऱ्या माधवरावांकडे घेऊन गेले. माधवरावांनी चार स्क्रू काढले आणि मला उघडं करून समोर ठेवलं.

"हिच्यातलं सगळं पुसलं गेलंय का?" करीमभाईंनी विचारलं.

"पुसायला असावं लागतं. हिच्यात कधीच काही नव्हतं."

"अहो, रोज बोलायची ती यातून."

"यातून, यात नाही. आवाज वायरीच्या त्या टोकाला होता. ते टोक कुठाय?"

"दिलं."

"वा. टरफल जपलंत आणि दाणा वाटलात." एवढं बोलून माधवरावांनी वर पाहिलं. करीमभाईंचा चेहरा बघून त्यांनी मला पुन्हा बंद केलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "आधी जा. पुसलं नसेल तर अजून असेल."

गोदाबाई मार्केट यार्डात कांदा निवडतात. भाभींची आणि त्यांची जुनी मैत्री. करीमभाईंनी विचारताच त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लेअर काढला.

"ही बॅटरी न्हाय, करीमभाई. फोनला लागंचना, तवा नातीनं कानात वायर घातली. बघते तर परवीन बोलतीया. मला वाटलं, तुम्हास्नी ठावं हाय, म्हणूनच दिलं."

"पुसलं नाही ना?"

"पुसतीया कशी? रोज सकाळी ऐकते. मला कोण म्हणतंय, पाणी प्या म्हणून?"

करीमभाईंना हात पुढे करवेना. गोदाबाईंनीच प्लेअर त्यांच्या मुठीत दिला. "म्या शेवटपत्तर ऐकलंय. सांगू, पुढं काय म्हणाली ती?"

"नको," करीमभाई म्हणाले. "सांगू नका. तेवढं तिचं बोलणं शिल्लक राहू दे."

तिथेच, कांद्याच्या पोत्यांशेजारी उभ्या व्हॅनमध्ये, मला पुन्हा आत घातलं. गोदाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. "अहो, ऐका. पहिलं कोंढवा..." भाभी बोलू लागल्या आणि माझी चाकं फिरू लागली. कोंढवा गेलं. "मग हडपसर. रसवाला कुरकुर करेल. ऐकून घ्या, भांडू नका. तिथून निघालात की..."

करीमभाईंनी बटण दाबलं.

आता ते रोज सकाळी यादी लावतात आणि रोज तिथेच थांबवतात. मग व्हॅन कांद्यापाशी नेतात. गोदाबाई आत बसून यादी पूर्ण ऐकतात, तोवर करीमभाई दूर जाऊन उभे राहतात.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरातल्या मोठ्या माणसांना एखादं यंत्र जोडून द्याल, तेव्हा घाई करू नका. कशात काय साठवलेलं आहे, ते त्यांच्याजवळ बसून दाखवा, दोनदा सांगा. आणि जिच्यात आवाज आहे ती वस्तू जपा. माझ्यासारखी दुसरी मिळेल.

जावेदने यादीची एक प्रत काढून ठेवली आहे. माझी वायर थोडी सुटली होती, ती माधवरावांनी जोडून दिली. हडपसरच्या पुढचं मात्र करीमभाईंनी अजून ऐकलेलं नाही.