न दिसणाऱ्यावरचा वार

आमच्या खेळातला सगळ्यात नावडता नियम मी केलेला होता आणि मला त्याचा अभिमान होता. जो दिसत नाही, त्याला उलट मारता येत नाही. एवढाच नियम. पण त्यावरून मच्छिंद्र एकदा रुसून बसला आणि बरेच रविवार आमच्या घरी फिरकला नाही.

खेळ आणला शरदने. शरद, म्हणजे शरदचंद्र, माझा धाकटा भाऊ, माझ्याहून बराच लहान. इंजिनिअरिंगला पुण्यात असताना हॉस्टेलवरच्या कोणाकडून तरी त्याने एका इंग्रजी नियमावलीची झेरॉक्स मिळवली आणि सुट्टीत जालन्याला घेऊन आला. प्रत्येकाने एकेक माणूस मनात उभा करायचा, त्याला नाव द्यायचं, आणि एकाने सूत्रधार व्हायचं. तुम्ही कुठे पोचलात, समोर काय आहे, हे सूत्रधार सांगणार. लढाई जुंपली की टेबलावर चौकड्यांचं मेणकापड अंथरायचं, त्यावर बुद्धिबळाची प्यादी मांडायची. नियमावलीत वीस बाजूंचा फासा होता. तो जालन्यात कुठे मिळणार? आम्ही हौजीच्या पहिल्या वीस सोंगट्या एका पिशवीत घातल्या. हात घालून एक काढायची. आकडा दहाच्या वर आला तर वार लागला.

इंग्रजीतून मराठीत मी आणलं. आग ओकणारे प्राणी काढून टाकले, किल्ले, भुयारं आणि दरोडेखोर घातले. जिल्हा कार्यालयात आयुष्यभर परिपत्रकं वाचलेला माणूस मी; नियम म्हटला की मला चेव येतो.

त्या नियमावलीत एक मजेची गोष्ट होती, तिला आम्ही ‘जाता वार’ म्हणायचो. शत्रू तुमच्या शेजारून निसटून जायला लागला की तुमची पाळी नसतानाही तुम्हाला एक फुकटचा वार मिळतो. आता भुयारात मिट्ट काळोख, मशाल विझलेली. पण टेबलावर तर दिवसाढवळ्या प्यादं सरकताना सगळ्यांना दिसतंय. ते सरकलं रे सरकलं की सगळे एका सुरात, माझा जाता वार. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी म्हणायचो, अरे, ते प्यादं तुला दिसतंय, भुयारातल्या तुझ्या माणसाला दिसतंय का?

म्हणून मी नियम केला. न दिसणाऱ्या शत्रूचं प्यादं टेबलावरून उचलायचं. तो कोणत्या चौकडीत आहे ते सूत्रधाराने चिठ्ठीवर लिहून वाटीखाली ठेवायचं. त्याच्यावर जाता वार नाही. तुमच्या पाळीला तुम्ही अंदाजाने चौकडी सांगायची, आणि ती बरोबर निघाली तरी आकडा पंधराच्या वर हवा. मच्छिंद्र तावातावाने भांडला. त्याचं शहागडला हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान आहे. शाळेपासूनचा माझा दोस्त, रविवारी एसटीने यायचा. त्याचं म्हणणं, पावलाचा आवाज तर येतो. मी म्हटलं, आवाजाने कोणी तरी आहे हे कळतं, तलवार कुठे घालायची ते कळत नाही. त्याच दिवशी या नियमापायी त्याचा माणूस मेला आणि तो रुसला. मी नियम बदलला नाही.

सूत्रधार बहुतेक मीच असायचो. कधी शरद बसला तर मी खेळायचो. माझ्या माणसाचं नाव हैबती. हा हैबती जन्माचा करंटा. निम्मे वार हवेत जायचे. मच्छिंद्र म्हणायचा की नरहरभाऊंच्या हैबतीपेक्षा गोठ्यातलं वासरू बरं, ते निदान लाथ तरी बराबर मारतं.

मग माझे डोळे गेले. एकदम नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं. ऑफिसच्या दारात शेजारून येणाऱ्या माणसाला मी धडकायचो आणि वर त्यालाच झापायचो. नंतर उजवा डोळा बंद पडल्यासारखा झाला आणि डाव्याला भरपूर उजेडात समोरचं तेवढं दिसायचं, किल्लीच्या भोकातून पाहावं तसं. औरंगाबादला दाखवलं. तपासण्या झाल्या, मला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि माझी बायको सुहासिनी डॉक्टरांशी बोलून आली. म्हणाली, मोतीबिंदू आहे, अजून पिकलेला नाही, पिकला की काढतील. तोवर रोज थेंब घालायचे. मी सुटकेचा श्वास सोडला. मोतीबिंदू काय, आमच्या आळीत घरोघर आहे. मी ऑफिसात रजा वाढवली आणि सगळ्यांना सांगून टाकलं की पिकू द्या, मग पुन्हा खुर्चीवर.

पण तोवरचे दिवस फार वाईट गेले. वाचता येत नव्हतं. ताटातली चटणी शोधायला बोटं फिरवावी लागायची, आणि तेवढ्यात कोणी तरी ती माझ्या बोटांखाली सरकवायचं. जेवण नकोसं झालं. मी कोणाशी धड बोलेनासा झालो.

तेव्हा उमाने बंद पडलेला रविवारचा खेळ पुन्हा सुरू केला. उमा आमची मुलगी, तेव्हा बी.एस्सी.ला होती. लहानपणापासून टेबलाशी बसून ती हा खेळ शिकली होती. ती म्हणाली, मी सूत्रधार होईन, बाबा, तुम्ही हैबती घ्या. चौकड्यांना तिने नावं दिली, आडव्या ओळींना क, ख, ग आणि उभ्यांना आकडे, म्हणजे मला डोक्यात नकाशा धरता यावा. सोंगटी मी काढायची, आकडा ती वाचणार; छापलेला बारीक आकडा मला दिसत नव्हता आणि बोटांनाही कळत नव्हता.

आणि काय सांगू, हैबतीचं नशीब उघडलं. सतरा, अठरा, सोळा, एकोणीस. चौकडी सांगावी ती बरोबर. अंधारात लपलेले दरोडेखोर मी एकामागून एक आडवे केले. मच्छिंद्र म्हणाला, नरहरभाऊ, तुमच्या हातात कायतरी आलंय बरं का. मलाही तसंच वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो होतो. रविवारची वाट पाहायचो. भाकरी दोन घास जास्त जायची. शेजारचे भेटायला आले की त्यांना मी हैबतीच्या लढाया ऐकवायचो, आणि ते बिचारे ऐकायचे. डोळे नसले तरी आपल्याला काहीतरी उमगायला लागलंय, अशी माझी समजूत झाली.

मनात खटकायला लागलं ते हळूहळू. डोळे होते तेव्हा निम्मे वार चुकायचे. आता एकही चुकत नव्हता. आणि सोंगटी काढल्यापासून उमाने आकडा सांगेपर्यंत थोडा वेळ जायचा. आकडा वाचायला एवढा वेळ कशाला लागतो?

एका रविवारी उमाने भुयाराचा जुना नकाशा काढला होता. तो मीच कधीकाळी आखला होता, मला तोंडपाठ. घ-पाच या चौकडीत पाण्याचा हौद होता. पुरुषभर खोल, काठोकाठ भरलेला. तिथे कोणी उभं राहूच शकत नाही, हे मीच नकाशावर लिहिलं होतं. माझी पाळी आली. मी पिशवीत हात घातला, सोंगटी काढून दिली आणि म्हणालो, घ-पाच.

जरा वेळाने उमा म्हणाली, "अठरा. लागला, बाबा. पडला तो."

शरदने टेबलावर थाप मारली. मी त्यांचं कौतुक संपू दिलं.

"हौदात कोण उभं होतं, उमा?"

मच्छिंद्रच शेवटी म्हणाला, "पोहत असंल एखादा."

मी टेबलावर हात आपटला, प्यादी खाली पडल्याचा आवाज झाला. शरद म्हणाला की दादा, खेळच तर आहे. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो की खेळच होता तर नियमाने का खेळला नाहीत? मच्छिंद्रचा माणूस मेला तेव्हा मी त्याला फसवून जगवला होता का? तो रुसला, पण परत आला, कारण त्याला ठाऊक होतं की माझ्या टेबलावर मेलेला मेलेलाच असतो. मग मलाच का हा लाडाचा घास?

सुहासिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, पोरीला बोलू नका, मी सांगितलं होतं. पहिल्या रविवारी सोंगटी तीनची निघाली होती. माझा चेहरा पाहून तिने दारातूनच उमाला खूण केली, आणि उमाने सतरा वाचला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मग पुढे थांबायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

तिचं बोलणं ऐकून माझा राग निवायला हवा होता. तो वाढलाच. पण आवाज निघाला तो रडवेला.

"तुम्ही सगळे माझ्या चारी बाजूंनी फिरताय आणि मला दिसत नाही," मी म्हणालो. "दिसत नाही त्याला उलट मारता येत नाही. नियम माझाच आहे."

मच्छिंद्र उठून माझ्याजवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नरहरभाऊ, माझ्याकडं कानस हाये. समद्या सोंगट्यांवर खाचा पाडून आणतो. तुमीच बोटानं वाचा. मंग कोन फसवून राह्यलं तुमाला?"

मनापासून बोलला होता. पण मी नको म्हटलं. खाचा पाडल्या तर मी रविवारी खेळायला बसणार नाही, पहारा द्यायला बसेन. प्रत्येक सोंगटी चाचपून पाहायची, बायकोपोरीचा शब्द बोटाने तपासायचा, हे मला नको होतं. मला आकडा उमाच्याच तोंडून हवा होता, आणि खरा हवा होता. मी तिला म्हटलं, हौदापासून परत धर. आता खरं सांग.

ती नको म्हणाली. हैबतीला आधीच बरेच घाव लागलेले आहेत, पण ते तिने मोजलेच नव्हते. आता मोजले तर तो एका वारात जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

घ-पाच चुकलं, अर्थातच. शत्रू कुठे आहे ते उमाने चिठ्ठीवर लिहून वाटीखाली सरकवलं. वाटीचा आवाज ऐकला. पुढच्या पाळीला मी ग-चार म्हणालो. तिथे कोणी नव्हतं. मग तिने शत्रूच्या नावाने पिशवीत हात घातला. या वेळी आकडा लगेच आला.

"सोळा," ती म्हणाली. "मागून आला, बाबा. हैबती गेला."

ती रडत होती हे मला कळलं. मला मात्र फार बरं वाटलं, इतक्या दिवसांत कधी वाटलं नव्हतं इतकं. मी शरदला म्हटलं, बघ, असा मरतो माणूस. मच्छिंद्रने माझी पाठ थोपटली. जाताना म्हणाला की पुढच्या रविवारी नवा माणूस करा, बिलकुल कच्चा, मी पयल्याच भुयारात मारतो त्याला. शरद त्याला स्टँडवर सोडायला गेला, उमा प्यादी गोळा करून आत निघून गेली.

सुहासिनी माझ्यासमोर येऊन बसली. दुपारच्या थेंबांची वेळ झाली होती. तिने मान वर करायला सांगितलं. मी तिचा हात धरला.

आमच्या समोरच्या चतुराबाईंचा मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला. पिकेपर्यंत त्यांनी कधी थेंब घातले नव्हते. हे मला ठाऊक होतं. इतके दिवस ठाऊक होतं आणि मी विचारलं नव्हतं, कारण मलाही तो मोतीबिंदूच हवा होता.

"हे थेंब कशाचे आहेत?" मी विचारलं.

तिने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. मी म्हटलं, आत्ता पोरीने मला मारलं, तसं सांग.

तिने सांगितलं. मोतीबिंदू नाही, काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. थेंब आहेत ते राहिलेलं टिकवायला, पण डाव्या डोळ्यातलंही टिकेल असं डॉक्टरांना वाटत नाही. त्यांनी पुढच्या पावसाळ्यापर्यंत म्हटलं होतं. तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, शरदलाही नाही. औरंगाबादहून येताना अख्ख्या रस्त्यात ती माझ्या शेजारी हे घेऊन बसली होती आणि मी तिला ऑफिसातल्या गमती ऐकवत होतो.

मला तिचा राग आला. तिची कीवही आली. मी भीतीने गारठलो होतो, तेही सांगतो. पण आता भीती कशाची ते तरी माहीत होतं.

मी तिला म्हटलं, थेंब नंतर घाल, त्याने धूसर होतं. आधी खिडकीत चल.

पश्चिमेच्या खिडकीत ऊन आलं होतं. तिला तिथे बसवलं आणि मी अगदी जवळ खुर्ची ओढली. डोळ्याच्या त्या भोकात तिचा चेहरा एकदम मावत नव्हता. आधी कपाळ पाहिलं, मग भुवया, मग रडून लाल झालेलं नाक. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती लाजली, म्हणाली, पुरे आता, स्वयंपाक राहिलाय. मी म्हटलं, थांब, अजून हनुवटी राहिली आहे.