घट्ट वेणी

"बाई, डावा हात वर करा बघू," डॉक्टर म्हणाले.

झुंबर नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली. कचरूच पुढे झाला. "न्हाय करत ती. अकरा वर्सं झाली. काळजाला मशीन बसवली तवाच सांगितलं हुतं, हात खांद्याच्या वर न्यायचा न्हाय."

"अहो, ते पहिला दीड महिना!" पुण्याहून महिन्यातून एकदा बारामतीला येणाऱ्या त्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

किती दिवस, हे विचारायचं तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. इंदापूरच्या एसटी आगारात कचरू एकेक नट दोनदा तपासायचा. पण डॉक्टर दिसला की त्याची बोबडी वळायची. तेव्हापासून झुंबरची वेणी तोच घालत होता. घरात लेक ना सून. रोज सकाळी दाराला आतून कडी घालून, तेल चोपडून, तीन पेडांची वेणी. गावात, वरकुट्यात कळलं असतं तर पारावरच्या मंडळींना वर्षभर दुसरा विषय लागला नसता.

"मशीनची पहिली तार तुटली, म्हणून शेजारून दुसरी घातली होती," डॉक्टर सांगू लागले. "आता तीही निकामी झालीय, आणि शीर पार बुजलीय. उजवीकडे पूर्वी पू झाला होता, तिथून जमणार नाही. जुन्या तारा ओढून काढायच्या आणि त्याच वाटेने नवी घालायची. तारा आत धरून बसल्यात. ओढताना शीर फाटू शकते. पण नाही काढल्या तर मशीन कधीही दगा देईल." मग त्यांनी झुंबरकडे पाहिलं. "नंतर हाताला व्यायाम द्या. आपली वेणी आपण घालाल."

परतीच्या एसटीत झुंबर म्हणाली, "म्हंजी तुमाला अकरा वर्सं उगंच राबवलं म्या."

"व्हय की. आता सुटलो म्हणायचं."

तोंडाने म्हणाला खरा, पण त्याला फार वाईट वाटलं. बायकोच्या जिवावर बेतलंय आणि आपण वेणीचं काय धरून बसलोय, म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

पुण्याला निघायच्या दिवशी ती पाठ करून बसली. "आज घट्ट घाला. आल्यावर माझी मीच सोडीन."

पुण्यात पहिली तार निघाली. दुसरी निघताना शीर फाटली आणि रक्त थांबलं नाही.

तिला वरकुट्याला आणलं. अंगणात आडोसा धरून बायकांनी अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. आडोसा काढला तेव्हा कचरूची भावजय छबूबाई वेणीशी झटत होती. "लई घट्ट हाय, सुटंना. कातर आणा गं कुणीतरी."

"कातर नगं," कचरू म्हणाला. "मी सोडतो."

सगळी वस्ती अंगणात उभी होती. पारावरचे महिपती, सर्जेरावही आले होते. कचरू झुंबरच्या उशाशी बसला. एकेक पेड त्याने हळूहळू मोकळा केला, तेल लावलं, फणी फिरवली. छबूबाई त्याच्या बोटांकडे बघतच राहिली. महिपतीने टोपी काढून मान खाली घातली.

कचरूने पुन्हा तीन पेड घेतले. या खेपेला त्याने वेणी सैल घातली.