फेसातली परी

सेजलला नटवायला बसलं की समीक्षाला जगाचं भान राहत नसे. पोरीची राधा करून झाली, जिजाऊ झाली, कोळीण झाली, एकदा तर काजळानं मिशा काढून मावळाही. समीक्षा स्वतः आंबेनळी घाटाखालच्या वाडीत वाढलेली. तिच्या लहानपणाचा एकही फोटो कुणाकडे नाही. म्हणून ही हौस दोघींच्या वाट्याची. बिरवाडीत भाड्याची एकच खोली, पण निम्मं कपाट सेजलच्या फ्रॉकांनी आणि मुकुटांनी गच्च.

आज परी. पाठीला जाळीचे पंख, गालावर चमकी, हातात कांडी.

"कुठं निघाली गो तुझी परी?" शेजारच्या तुळसाकाकीनं उंबऱ्यातून विचारलं.

"ढगात, काकी. ओढ्याला फेस आलाय बघा, कापसासारखा."

"त्या ओढ्यात माझी म्हैस पाय घालत नाय. म्हशीला जास्त कळतंय म्हणायचं."

"तुमच्या म्हशीचा फोटो नाय काढायचा मला," समीक्षा हसत चालू पडली.

केमिकल कंपनीच्या भिंतीखालून पाइप येतो तिथपासून बंधाऱ्यापर्यंत ओढा पांढराशुभ्र फुगला होता. वास होता. पण बिरवाडीत वास कधी नसतो? नाक मारून टाकल्याशिवाय इथं माणूस राहूच शकत नाही. काठाचं गवत पिवळं पडून झोपलं होतं, एक मेलेला खेकडा उताणा पडला होता. समीक्षानं तो चपलेनं बाजूला सारला; फोटोत आला असता.

तिनं सेजलला बंधाऱ्याच्या पायरीवर कमरेभर फेसात उभं केलं. पोर खिदळली. फेस उडवला, डोक्यावर घेतला, आणि "आई, बुढ्ढी के बाल!" म्हणत मूठभर तोंडात कोंबला.

"थू कर, थू कर," समीक्षा म्हणाली. बोट मात्र बटणावरून हललं नाही. फोटो असा आला की दृष्टच काढावी. तिथल्या तिथं स्टेटसला लावला.

घरी पोचायच्या आत, स्टेटस बघून, विनीतचा फोन. तिचा नवरा त्याच कंपनीत कंत्राटी कामगार.

"बाहेर काढ तिला! नळाखाली धर!"

"अवो, झालं काय?"

"सकाळी टाकी सोडलीय गो ओढ्यात. मीच खोललाय वॉल्व."

सेजल डोळे चोळत होती. मांड्या मिरची घासल्यासारख्या लाल. मग खोकला सुरू झाला, आणि महाडच्या दवाखान्यात रिक्षा पोचेस्तोवर पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

डॉक्टर कालिंदीबाईंनी ऑक्सिजन लावला. "कशानं झालं हे? रसायनाचं नाव सांगा. अंदाजावर कोणतं औषध देऊ?"

विनीत कंपनीच्या कपड्यांतच धावत आला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ओढ्यात पडली मॅडम. साबणाचं पाणी असंल."

 त्यानं समीक्षाला दाराशी ओढलं. "फोटो डिलीट कर. मागं पाइप दिसतोय. फिरत फिरत सायबांपर्यंत गेलाय."

"सायबांनी पोरीचं विचारलं?"

"विचारलं ना." विनीत म्हणाला. "म्हणाले, फ्रॉक छान हाय."

समीक्षानं हात झटकला, आत गेली आणि मोबाईल डॉक्टरांपुढे आपटला. "हा पाइप बघा. ह्यांच्या कंपनीचा. वॉल्व ह्यांनीच खोलला. ह्यांना विचारा!"

विनीतच्या खिशात फोन वाजू लागला. समीक्षानं तो हिसकावून कानाला लावला. "साहेब, डॉक्टर विचारतायत. टाकीत काय होतं?"

पलीकडून फोन कट.

"आता तुम्ही बोला," ती नवऱ्याला म्हणाली. "नोकरी गेली खड्ड्यात. नाव सांगा."

विनीत भिंतीला टेकून खाली बसला. "नाय माहीत गो. देवाशपथ नाय माहीत. ड्रमावरच्या चिठ्ठ्या फाडूनच देतात आमच्या हातात."

कालिंदीबाई वळून नर्सला म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स बोलवा. मुंबईला हलवायचंय." आणि हळू आवाजात, समीक्षाला ऐकू जाऊ नये अशा, "वाटेत श्वास अडला तर कुणीतरी सोबत पाहिजे. माणगावपर्यंत तरी मीच जाते."

समीक्षाला ऐकू गेलं.