सासू-सुनेची सोनाटा

बडोद्यात चेलो, म्हणजे बसून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन, वाजवणारी माणसं शोधायला निघालं तर फार सापडायची नाहीत. चिटणिसांची सून कौमुदी त्यांतली एक. लग्न होऊन ती पुण्याहून आली तेव्हा तिच्या सामानात चेलोची माणसाएवढी पेटी होती, आणि ती ठेवायची कुठे यावरून सासूशी पहिला खटका उडाला. सासूबाई, म्हणजे निरुपमाबाई, स्वतः पियानो शिकवायच्या. त्यामुळे दोघींचं चांगलं जमेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. जमलं नाही. निरुपमाबाई तालाला पक्क्या, कौमुदी सुरावर रेंगाळणारी. “दोघी वेगवेगळ्या खोल्यांत वाजवा म्हणजे घर टिकेल,” असं कौमुदीचा नवरा उत्कर्ष हसत म्हणायचा.

पुढे उत्कर्ष हायवेवरच्या एका अपघातात गेला. कौमुदीला न्यायला तिचे आईवडील आले, पण ती गेली नाही. शाळेतली नोकरी सोडवत नाही, असं तिने सांगितलं. खरं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं. मग एका दुपारी ती आतल्या खोलीत कितीतरी दिवसांनी चेलो घेऊन बसली, तर बाहेरून पियानोची साथ सुरू झाली. कौमुदी जिथे रेंगाळत होती तिथे निरुपमाबाई थांबत होत्या. दुसऱ्या दिवशी कौमुदीने आपली खुर्ची उचलून पियानोशेजारी नेऊन ठेवली. तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी एकत्र वाजवू लागल्या.

ह्याला चार वर्षं झाली. यंदा एप्रिलमध्ये सासऱ्यांनीच, रमाकांतरावांनी, मैफलीचं काढलं. ते युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. एवढं वाजवता तर चार माणसांना ऐकवा, असं त्यांचं म्हणणं. पियानो हलवणं जिकिरीचं, म्हणून मैफल घरच्या दिवाणखान्यातच ठरली. सोफा व्हरांड्यात गेला, मंडपवाल्याकडून खुर्च्या आल्या. ओळखीचे, शेजारी, निरुपमाबाईंचे विद्यार्थी, कौमुदीच्या शाळेतले शिक्षक, अशी खोली भरली. पहिल्या खुर्चीतल्या माणसाने पाय लांब केले असते तर पियानोच्या पेडलला लागले असते, इतकं सगळं जवळ जवळ.

शेवटच्या रांगेत पीयूष बसला होता. तो कौमुदीच्याच शाळेत फिजिक्स शिकवायचा. वर्षभरापूर्वी त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. तिने नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणायच्या आधी घरी सांगायला हवं होतं, आणि ते काही तिला जमत नव्हतं. रोज संध्याकाळी वाजवून झालं की ती विचार करायची, आता बोलू. तेवढ्यात निरुपमाबाई पट्ट्यांवरून फडकं फिरवत विचारायच्या, उद्या भाजी काय करायची, आणि विषय तिथेच राहायचा.

मैफल छान सुरू झाली. चेलो-पियानोसाठी लिहिलेल्या एका सोनाटाचा पहिला भाग संपला. दुसरा भाग संथ होता आणि तोच कौमुदीचा सगळ्यांत आवडता. त्याच्या मध्यावर ती वरच्या सुराकडे जात असताना चेलोची तार फटकन तुटली. खोलीत कुणीतरी श्वास ओढला. कौमुदीने सगळ्यांची माफी मागितली, चेलो उचलला आणि दुसरी तार लावायला ती आतल्या खोलीत गेली.

तारेचं पाकीट सापडलं. तारेचं टोक खुंटीच्या भोकात जाईना. तेवढ्यात पडद्याबाहेरून तिला सासूबाईंचा आवाज आला. भर खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा, पण अगदी साधा.

“पीयूषभाई, जरा आत जाता का? तिला चेलो धरायला कुणीतरी हवंय.”

कौमुदी आहे तशीच उभी राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. क्षणभराने पीयूष पडदा सारून आत आला. त्याचा चेहरा तिच्याइतकाच गोंधळलेला होता.

“तू सांगितलंस?” त्याने हळूच विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं.

तो खाली बसला आणि त्याने चेलो दोन्ही हातांनी नीट धरला. तिने तार ओवली, खुंटी पिळायला घेतली, आणि बाहेर पियानो वाजू लागला. माणसं खोळंबू नयेत म्हणून निरुपमाबाई एकट्याच काहीतरी वाजवत होत्या. छोटीशी, पोरकट म्हणावी अशी धून. कौमुदीचा हात थांबला. उत्कर्ष लहान असताना त्याच्या बोटांना पट्ट्यांची ओळख व्हावी म्हणून निरुपमाबाईंनी ती रचली होती. तो मोठेपणीही दाढी करताना ती शिट्टीवर वाजवायचा. तो गेल्यापासून ह्या घरात ती कुणी वाजवली नव्हती.

“ही उत्कर्षची आहे,” ती म्हणाली.

पीयूषने पडद्याकडे पाहिलं. “मग संपू दे,” तो म्हणाला. “तोवर थांबू.”

दोघं थांबले. धून संपली, टाळ्या झाल्या. मग कौमुदीने तार चढवली, डोळे पुसले आणि ती बाहेर आली. निरुपमाबाईंनी तिला सूर दिला. नवी तार सारखी उतरत होती, त्यामुळे मधूनमधून थांबून पुन्हा सूर द्यावा लागला, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणी उठलं नाही. संथ भाग त्यांनी पहिल्यापासून वाजवला. कौमुदी जिथे रेंगाळली तिथे निरुपमाबाई नेहमीपेक्षाही जास्त थांबल्या.

मंडळी वडी-पन्हं घेऊन ‘आवजो, आवजो’ करत गेली. स्वयंपाकघरात पेले विसळताना कौमुदीने विचारलं, “आई, तुम्हाला कधी कळलं?”

“दिवाळीच्या आसपास.” निरुपमाबाई पेला पुसत होत्या. “तुला सोडायला येतो तेव्हा तो लगेच गाडी वळवत नाही. तू आत येऊन दिवा लावेपर्यंत फाटकाशी उभा असतो. खिडकीतून दिसतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून वाट बघितली. आणि थोडं असंही होतं की...” त्यांनी पेला पालथा ठेवला. “तू गेलीस की संध्याकाळी मी काय करू, हे मला सुचत नव्हतं. आज तार तुटली तेव्हा तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. तेव्हा वाटलं, आता पुरे.”

कौमुदीने ओल्या हातांनीच त्यांना मिठी मारली.

रमाकांतरावांना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकोने भर खोलीत ते नाव घेतलं तेव्हा ते मागे वळून बघत राहिले होते, आणि काय ते तेव्हाच त्यांना उमगलं होतं. माणसं गेल्यावर ते खुर्च्या एकात एक घालू लागले, आणि पीयूष त्यांना मदत करू लागला. सगळ्या खुर्च्या झाल्यावर त्यांनी पीयूषला बसायला सांगितलं, ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि कौमुदीला म्हणाले, “मला एवढंच विचारायचंय. तू दुसरीकडे गेलीस तरी मला बाबाच म्हणशील ना?”

कौमुदीने होकारार्थी मान हलवली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नाक शिंकरलं आणि पीयूष जेवून जाणार आहे, तेव्हा कढी जरा वाढवा, असं सांगून ते बाहेर गेले.

जूनमध्ये लग्न झालं. ते नोंदणी पद्धतीने, साधंच. साक्षीदार म्हणून पहिली सही रमाकांतरावांची. कौमुदी आता पीयूषच्या घरी, पाणीगेटजवळ राहते. शनिवारी मात्र दोघं चिटणिसांकडे येतात. सासू-सून वाजवायला बसल्या की रमाकांतराव व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडतात. पीयूष बहुतेक वेळा हरतो. तो मुद्दाम हरतो की काय, असा त्यांना दाट संशय आहे, पण अजून त्यांनी विचारलेलं नाही.